पाण्यात अधांतरी

गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलेल्याला तरंगणं माहीत असतं आणि बुडी मारणंही. स्कुबा डायव्हिंगमध्ये शिकायचं असतं ते या दोन्हींच्या मधलं: वर न जाता, तळाला न टेकता स्थिर राहणं. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. तिथं समुद्रात जाण्याआधी खोल तलावात सराव होतो.

पहिलं काम अंगावर घ्यायच्या शिशाचं वजन ठरवण्याचं. हवा भरता येणाऱ्या जाकिटातली हवा काढून, नेहमीसारखा श्वास घेऊन थांबलं की पाणी डोळ्यांच्या पातळीला यावं. श्वास सोडल्यावर माणूस हळूहळू खाली जावा. खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. त्यामुळे साहित्यासह १०० किलो भरणाऱ्याला समुद्रात अंदाजे अडीच किलो शिसं जास्त लागतं. शिवाय सिलिंडरमधली हवा संपत जाते तसा तो दोनेक किलोंनी हलका होतो, याचा हिशेब आधीच ठेवावा लागतो.

खरा कस उथळ पाण्यात लागतो. पृष्ठभागावरून १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो आणि जाकिटातल्या हवेचं आकारमान निम्मं होतं. वर येताना तीच हवा झपाट्यानं फुगते. बारीक फेरफार फुप्फुसांनी करायचे, पण श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना रोखलेला श्वास जिवावर बेतू शकतो.

हा सराव पक्का झाल्याशिवाय मालवणच्या प्रवाळांजवळ कुणी जाऊच नये. वर्षाला काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढणारं प्रवाळ पायातल्या फिनच्या एका फटक्यानं मोडतं.