उन्हाळी चित्रपटवर्ग आणि चित्रभाषेचे व्याकरण : नॅव्हाहो प्रयोगाचा विचार

अमेरिकेतील अनेक विद्यापीठे व कलासंस्था उन्हाळी सुटीत माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी चित्रपटनिर्मितीचे वर्ग चालवितात. काही आठवड्यांच्या अवधीत चौदा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांनी पटकथा लिहावी, कॅमेरा हाताळावा, घेतलेल्या चित्रांचे संकलन करावे आणि अखेरीस एक लघुपट पडद्यावर दाखवावा, असा या वर्गांचा सर्वसाधारण क्रम असतो. या क्रमात यंत्र हाताळण्याच्या कौशल्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकविली जाते. दोन पात्रे संभाषण करीत असता कॅमेऱ्याने त्यांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूस राहावे. हालचालीच्या मध्यावर दृश्य तोडून दुसऱ्या कोनातून तीच हालचाल पुढे चालू ठेवावी. कथेच्या दृष्टीने निरुपयोगी असा काळ गाळावा. भावना दाखवावयाची असेल तेव्हा चेहऱ्याजवळ जावे. या नियमांना शिक्षक ‘चित्रपटाचे व्याकरण’ असे म्हणतात. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकापुढे येथे एक प्रश्न साहजिकच उभा राहतो. हे व्याकरण चित्रपट या माध्यमाचे आहे, की एका विशिष्ट समाजाने त्या माध्यमास लावलेल्या वळणाचे? आणि ते जर एका समाजाचे असेल, तर वर्गात येणारा विद्यार्थी कोरी पाटी घेऊन येतो, असे मानता येईल काय?

हा प्रश्न प्रयोगाने सोडविण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न 1966 सालच्या उन्हाळ्यात झाला. पेनसिल्व्हानिया विद्यापीठातील संज्ञापनशास्त्राचे अध्यापक सोल वर्थ आणि मानवशास्त्रज्ञ जॉन अडेअर यांनी, रिचर्ड चाल्फेन या तरुण साहाय्यकासह, ॲरिझोना राज्यातील पाइन स्प्रिंग्ज या नॅव्हाहो वस्तीत तेथील काही स्त्रीपुरुषांना चित्रपट काढावयास शिकविले. शिकणाऱ्यांत बहुतेक तरुण होते. या प्रयोगाचा वृत्तांत वर्थ व अडेअर यांनी 1972 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. या उपक्रमातील चित्रपटांचा समावेश 2002 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत करण्यात आला.

प्रयोगाची पार्श्वभूमी दुहेरी होती. तिचा पहिला धागा चित्रपटमीमांसेतला. ख्रिस्तियाँ मेत्झ यांनी 1964 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात असा प्रश्न उपस्थित केला होता की, चित्रपटास भाषा म्हणावयाचे ते कोणत्या अर्थाने? आंद्रे मार्तिने यांच्या मते मानवी भाषेचे वैशिष्ट्य तिच्या दुहेरी विभाजनात आहे. उच्चार प्रथम सार्थ घटकांत विभागता येतो आणि ते सार्थ घटक पुढे निरर्थक, परंतु अर्थभेदक अशा ध्वनिघटकांत विभागता येतात. ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांतील पहिली व्यंजने स्वतः काहीच सांगत नाहीत. परंतु त्यांच्या भेदाने शब्द बदलतो. चित्रपटात असा दुसरा स्तर सापडत नाही. दृश्याचा कितीही लहान तुकडा घेतला तरी तो काहीतरी दाखवितोच. शिवाय दृश्यांचा मर्यादित असा कोशही नसतो. म्हणून चित्रपट ही अर्थ व्यक्त करण्याची एक रीत असली, तरी तिच्यामागे भाषेसारखी बांधीव व्यवस्था नाही, असा मेत्झ यांचा निष्कर्ष होता.

दुसरा धागा मानवशास्त्रीय भाषाविज्ञानातला. एडवर्ड सपीर व बेंजामिन ली व्होर्फ यांच्या नावाने ओळखला जाणारा विचार असा की, भाषेतील व्याकरणिक कोटी बोलणाऱ्याच्या अनुभवास घाट देतात. नॅव्हाहो भाषा या विचाराच्या चर्चेत वारंवार येते, आणि त्यास कारणही आहे. मराठीत दोरी, काठी, चेंडू वा पाण्याचा पेला यांपैकी काहीही मागावयाचे असले तरी ‘दे’ हे एकच क्रियापद पुरते. नॅव्हाहोत मात्र ती वस्तू गोल व घन आहे, लांब व ताठ आहे, पसरट व लवचिक आहे, की उघड्या भांड्यात आहे, यांनुसार क्रियापदाचा धातूच बदलतो. हॅरी हॉयर यांनी 1951 मध्ये एका लेखात असे दाखविले की, या भाषेतील क्रियापदव्यवस्थेचा फार मोठा भाग गतीच्या कल्पनेभोवती उभा आहे. कपडे घालणे ही क्रियासुद्धा तेथे ‘कपड्यांत शिरत जाणे’ अशा स्वरूपात व्यक्त होते. तरुण असणे म्हणजे ‘नव्याने वावरत असणे’ होय. नॅव्हाहोंच्या पुराणकथांतील देव व वीर सतत प्रवास करीत असतात, याच्याशी हॉयर यांनी या व्याकरणविशेषाचा संबंध जोडला होता.

वर्थ यांनी हे दोन्ही धागे एकत्र आणले. चित्रपटात व्यवस्था आहे की नाही, हे तयार चित्रपटांवरून ठरविण्याऐवजी ज्यांच्यावर चित्रपटसृष्टीचा प्रभाव अल्प आहे अशा लोकांच्या हाती कॅमेरा द्यावा, आणि ते दृश्यांची जुळणी कोणत्या नियमांनी करतात हे पाहावे, असा त्यांचा विचार होता. क्षेत्रीय भाषावैज्ञानिक ज्याप्रमाणे अपरिचित भाषेच्या भाषकाकडून सामग्री मिळवितो, त्याच धर्तीची ही पद्धती होय. विश्लेषणासाठी त्यांनी स्वनिम व रूपिम या संज्ञांच्या नमुन्यावर दोन संज्ञा घडविल्या. कॅमेरा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत जे एक सलग चित्र उमटते ते ‘केडीम’; आणि त्यातून कापून संकलनात प्रत्यक्ष वापरला जाणारा तुकडा तो ‘ईडीम’. या भेदाचे महत्त्व असे की, चित्रकर्त्याने काय टिपले आणि त्यातील काय राखले, या दोहोंतील अंतरातच त्याची निवड, म्हणजे त्याचा नियम, दृष्टीस पडतो. मेत्झ यांच्या आक्षेपास हे पूर्ण उत्तर नव्हे. केडीम हा स्वनिमासारखा निरर्थक घटक नाही. परंतु घटकांची दुहेरी विभागणी नसतानाही जुळणीचे नियम असू शकतात, एवढे तपासण्यास ही साधने पुरेशी होती.

अध्यापनाची मर्यादा काटेकोरपणे आखलेली होती. 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात फिल्म कशी भरावी, प्रकाश कसा मोजावा, भिंग कसे जुळवावे, फिल्मचे तुकडे कसे चिकटवावेत, एवढेच शिकविले गेले. काय टिपावे, कोठून टिपावे आणि कशानंतर काय जोडावे, यांविषयी शिक्षकांनी शक्य तितके मौन पाळले. चित्रपट मूक होते. सूझी बेनाली हिने आपल्या आईच्या विणकामावर चित्रपट काढला. जॉनी नेल्सन याने रुपेरी दागिने घडविणाऱ्या कारागिरावर आणि एका उथळ विहिरीच्या बांधकामावर असे दोन काढले. माइक अँडरसन याने एका तळ्यावर, तर मेरी जेन व मॅक्सीन त्सोसी या बहिणींनी उपचारविधीवर काढला. ॲल क्लाह या कलाशिक्षण घेतलेल्या तरुणाचा चित्रपट सावल्यांचा व अमूर्त वळणाचा होता. पुढे सूझीने आपल्या आईला, ॲल्टा कान हिला, कॅमेरा शिकविला आणि तिनेही विणकामावरच एक चित्रपट काढला. शिक्षकांकडून लेकीकडे आलेले हे ज्ञान लेकीकडून आईकडे नॅव्हाहो भाषेतून संक्रमित झाले, ही बाब अभ्यासकाने विसरू नये.

या चित्रपटांत काय आढळले? सर्वांत ठळक विशेष चालण्याचा होय. विणकामावरील चित्रपटात विणकाम बरेच उशिरा येते. आधी मेंढ्यांची लोकर, रंगासाठी मुळ्या शोधणे, धुणे, पिंजणे, कातणे, आणि या प्रत्येक कामासाठी जाणे व येणे. चांदीच्या कारागिराच्या चित्रपटातही कारागीर दीर्घकाळ चालत राहतो. प्रचलित संकलनपद्धतीत चालणे हा दोन घटनांमधला दुवा मानला जातो आणि तो शक्य तितका आखूड करण्यात येतो. येथे चालणे हीच घटना आहे. दुसरा विशेष चेहऱ्याच्या समीपदृश्यांसंबंधीचा. ती अत्यंत विरळ आहेत, आणि जेथे आहेत तेथे कारागीर आपल्या नक्षीचा विचार करीत आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. समोरच्या व्यक्तीकडे रोखून पाहणे नॅव्हाहो शिष्टाचारात अप्रशस्त मानले जाते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. तिसरा विशेष सातत्याविषयीचा. चालणारा मनुष्य पुढच्या तुकड्यात एकाएकी वेगळ्या स्थितीत दिसला, तर पाश्चात्त्य संकलकास तो दोष वाटतो. या चित्रकर्त्यांना त्यात विशेष खटकण्यासारखे काही दिसले नाही.

परंतु सर्वच नियम परके होते, असेही नाही. जॉनी नेल्सन याने आरंभीच्या सरावात एका घोड्याच्या अवयवांचे तुकडे टिपले आणि ते संपूर्ण घोड्याच्या दृश्यांमध्ये घातले. ते संपूर्ण घोडे निराळे होते; तथापि पाहणारे ते अवयव त्याच घोड्याचे समजतील, असे त्याने आपण होऊन सांगितले. हे त्याला कोणी शिकविले नव्हते. शेजारी ठेवलेल्या तुकड्यांना प्रेक्षक एकाच वस्तूचे अंश मानतो, हा नियम तरी कोणत्याही एका समाजाचा नसावा, असे यावरून दिसते. अर्थात् चित्रभाषेत काही तत्त्वे सामान्य आहेत आणि काही समाजविशिष्ट, असा भेद करावा लागतो.

आता प्रश्न उरतो तो समाजविशिष्ट तत्त्वांच्या उगमाचा. चालण्याचे प्राबल्य नॅव्हाहो क्रियापदांतून आले, असे म्हणण्याचा मोह अनावर आहे. तो आवरला पाहिजे. नॅव्हाहो घरे एकमेकांपासून दूर विखुरलेली. मेंढपाळाचे जीवन चालण्याचेच. कथांतील वीर चालणारे. भाषा, भूमी व कथापरंपरा ही तिन्ही कारणे एकाच दिशेस बोट दाखवीत असता त्यांतील एकासच श्रेय देण्याचा अधिकार या सामग्रीने मिळत नाही. शिवाय चित्रकर्ते मोजके होते. चित्रपटांशी त्यांचा पूर्वपरिचय अगदीच शून्य होता, असे म्हणता येत नाही. आणि शिक्षकाचे मौन कितीही कसोशीने पाळले तरी त्याचा चेहरा बोलतोच.

या गुंत्यातून वाट काढण्यास चाल्फेन यांचे नंतरचे काम उपयोगी पडते. त्यांनी फिलाडेल्फिया शहरातील किशोरवयीन मुलांच्या निरनिराळ्या गटांकडून चित्रपट करवून घेतले आणि त्यांची तुलना केली. अल्प उत्पन्नाच्या थरातील कृष्णवर्णी मुलांनी स्वतःचे जीवन हा विषय निवडला आणि कॅमेऱ्यासमोर स्वतः येण्यास ती उत्सुक असत. मध्यमवर्गीय गौरवर्णी मुलांना कॅमेऱ्यामागे राहणे व तो हाताळणे यांत अधिक रस होता. त्यांनी स्वतःपासून दूरचे विषय व स्थळे शोधली. दोन्ही गट इंग्रजीच बोलणारे. कृष्णवर्णीयांच्या इंग्रजीला तिचे स्वतःचे नियम आहेत हे विल्यम लबॉव्ह यांनी सिद्ध केले आहे. परंतु कॅमेऱ्याच्या पुढे की मागे उभे राहावे, हा भेद क्रियापदांच्या रूपांतून निघणारा नव्हे. तो कोणी, कोणासमोर, कशाविषयी बोलावे, या सामाजिक संकेतांतून निघतो. याच दशकात डेल हाइम्ज यांनी व्याकरणक्षमतेहून व्यापक अशी संज्ञापनक्षमतेची कल्पना मांडली होती. नॅव्हाहो व फिलाडेल्फिया येथील सामग्री एकत्र ठेवली, तर ती व्होर्फपेक्षा हाइम्ज यांच्या बाजूने अधिक झुकते, असे म्हणावे लागते. व्याकरण हा शब्द येथे वापरावयाचाच असेल, तर तो शब्दरूपांच्या व्याकरणाच्या अर्थाने न वापरता भाषाव्यवहाराच्या रीतीच्या अर्थाने वापरला पाहिजे.

या निष्कर्षाचे शैक्षणिक फलित लहान नाही. उन्हाळी वर्गातील शिक्षक जेव्हा विद्यार्थ्याचे लांबलेले चालणे कापावयास सांगतो, तेव्हा तो चूक दुरुस्त करतो की एक रीत पुसून दुसरी लिहितो, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. मराठीच्या अध्यापकास ही परिस्थिती अपरिचित नाही. वर्गात ‘मी जातो’ असे प्रमाण रूप शिकविणे आवश्यकच आहे; परंतु घरून आलेले बोलीरूप अशुद्ध म्हणून नाकारले, की विद्यार्थी निबंध शुद्ध लिहू लागतो आणि त्याच्यापाशी सांगण्यासारखे जे होते ते घरी ठेवून येतो. प्रचलित चित्रव्याकरणही प्रमाणभाषेसारखेच आहे. ते शिकविल्यावाचून विद्यार्थ्यास मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोचता येणार नाही. म्हणून वर्थ यांचे मौन हे संशोधकास शोभणारे असले, तरी शिक्षकाने ते जसेच्या तसे उचलणे उचित नव्हे. मात्र नियम सांगण्यापूर्वी विद्यार्थ्याकडून एक लहान चित्रपट करवून घ्यावा, त्याचे केडीम व ईडीम दोन्ही जपून ठेवावेत आणि त्याने काय राखले व काय टाकले याची कारणे त्यालाच विचारावीत, एवढे कोणत्याही वर्गात करता येण्यासारखे आहे. त्यामुळे वर्गास एक दिवस अधिक लागेल. संशोधनास मात्र अन्यथा कायमची नष्ट होणारी सामग्री मिळेल.

पाइन स्प्रिंग्ज येथील सॅम याझी या वृद्ध मंत्रोपचारकाने प्रयोगाच्या प्रारंभी संशोधकांस विचारले होते की, चित्रपट काढल्याने मेंढ्यांना काही अपाय होईल काय? नाही, असे उत्तर मिळाल्यावर त्याने मेंढ्यांना काही लाभ होईल काय, असे विचारले. आणि त्याचेही उत्तर नकारार्थी आल्यावर, मग चित्रपट काढावयाचे तरी कशासाठी, असा प्रश्न केला. या प्रश्नाचा पुष्कळदा विनोद म्हणून उल्लेख होतो. वस्तुतः ज्यांच्याकडून सामग्री घेतली जाते त्यांना त्या सामग्रीचा उपयोग काय, हा क्षेत्रीय अभ्यासाचा मूलभूत प्रश्न त्यात आहे, आणि भाषेचे नमुने गोळा करणाऱ्या अभ्यासकासही तो तितकाच लागू पडतो.