वीसात अकरा

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर शेजारी उभा असलेला माणूस मित्राला सांगत होता, "सर्जेराव जातोय बघ बहुतेक. वीसात अकरा चान्स हाय. शनिवारी कळंल." अंगात फौंड्रीचा निळा शर्ट होता, बाहीवर काळी वाळू. शिरोली एमआयडीसीतून पाळी संपवून आलेला. कोणाचं मरण शनिवारपर्यंत कसं काय थांबतं, हे मी न राहवून विचारलं. सर्जेराव हा जादूगार निघाला, आणि तो पन्हाळ्याच्या अंधारबावेत बेशुद्ध पडला होता. "या की बघायला," म्हणाला. मी गेलो.

दुसऱ्या मजल्यावरचा हॉल, मधे जेवणाचं टेबल. त्यावर आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने काढलेला नकाशा, प्रत्येकापुढे आपापल्या पात्राचा कागद, आणि चारपासून वीस बाजूंपर्यंतचे फासे. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो 1974 मध्ये अमेरिकेत आणला. पहिल्या खेपेला हजार प्रती छापल्या होत्या. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, आणि एकाने उरलेलं सगळं जग व्हायचं. त्या एकाला डीएम म्हणतात. इथला डीएम एका पतसंस्थेत हिशेब बघतो. पुस्तकातली परदेशी भुयारं बाजूला ठेवून त्याने पन्हाळा घेतलाय, आणि ते फार बरं केलंय. अंधारबावेचे तीन मजले, वळत खाली जाणाऱ्या पायऱ्या, तळाचं पाणी, बाहेर पडायच्या गुप्त वाटा, हे सगळं या मंडळींनी लहानपणी सहलीत पाहिलेलं. नियम इंग्रजीतले, बोलणं अस्सल कोल्हापुरी.

मरणाचा नियम असा. पात्राचे एचपी, म्हणजे जीवाचे गुण, शून्यावर आले की ते कोसळतं. मग आपली पाळी आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. दहा किंवा वर पडलं तर एक खूण जगण्याच्या बाजूला, खाली पडलं तर मरणाच्या. ज्या बाजूला आधी तीन खुणा होतील तिकडे निकाल. एक पडला तर मरणाच्या दोन खुणा एकदम. वीस पडले तर पात्र शुद्धीवर. दहा ते वीस म्हणजे अकरा आकडे. वीसात अकरा.

फौंड्रीवाल्याची नोकरी तपासणीची. कास्टिंगमध्ये भोक आहे का, चीर आहे का, माप बसतंय का, दिवसभर हेच. "आमच्यात वीसात अकरा पास झाले तर अख्खा लॉट माघारी येतोय, आणि मालक मलाबी लॉटबरोबर धाडंल," तो म्हणाला. आठवडाभर कामावर हाच आकडा डोक्यात होता, हेही त्यानेच सांगितलं. सर्जेराव हे त्याचंच पात्र. त्याच्या कागदावर दोन्ही बाजूंना एकेक खूण आधीच होती.

पहिला फासा चार. मरणाकडे दोन. टेबलापलीकडे वैद्याचं पात्र घेतलेली मुलगी बसली होती; दिवसा ती एका दवाखान्यात नर्स आहे. तिचा वैद्य वरच्या मजल्यावर लढाईत अडकलेला. "मी येतो खाली, मरू नकोस," ती म्हणाली, आणि तलवारवाल्याला तसाच शत्रूच्या तोंडी देऊन निघाली. पायऱ्या लांब होत्या, तिची चाल अपुरी पडली. पुढचा फासा चौदा. दोन-दोन. आता तो खुर्चीवरून उठला. फासा ओंजळीत घेऊन बराच वेळ नुसता हलवत राहिला. इतका वेळ मोबाइल चाळणाऱ्या पोराने तो पालथा ठेवला. फासा नकाशावरून घरंगळत जाऊन पाण्याच्या घागरीला लागला आणि थांबला. दहा.

आरडाओरड झाली, ती सांगत नाही. मला पाहण्यासारखं वाटलं ते त्यानंतरचं. तीन खुणा झाल्या तरी पात्र शुद्धीवर येत नाही, नुसतं मरायचं थांबतं. म्हणजे पुढचा तासभर त्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी तो बसला नाही. नर्सच्या मागे उभा राहून सर्जेरावला कुठून उचलायचं, पायऱ्यांवरून कसं न्यायचं, डोकं कुठे धरायचं, हे बोलत राहिला.

याउलट लढाई. पाच खेळाडू, आठ शत्रू, प्रत्येकाची पाळी. एकदा मारून झालं की पुन्हा नंबर येईपर्यंत मोबाइल. तलवारवाला पोरगा कागदाकडे बघून "प्लस सात" म्हणायचा, फासा टाकायचा, बेरीज सांगायचा. त्याचा योद्धा रागावलाय, घाबरलाय की दमलाय, हे त्याने संध्याकाळभर एकदाही सांगितलं नाही. कागदावर त्यासाठी जागाच नव्हती, आणि प्लस सातसाठी ठळक चौकट होती. जाडजूड पुस्तकाची कितीतरी पानं असल्या मारामारीवर खर्ची पडलीत, आणि माझ्या मते नेमकी तिथेच माणसं पात्रातून बाहेर पडतात.

नियम कशाचं बक्षीस देतो, तिकडे पात्र वळतं. सुरुवातीच्या नियमांत किल्ल्यातून आणलेल्या सोन्याच्या प्रत्येक नाण्याला अनुभवाचा एक गुण मिळे. शत्रू मारून मिळणारे गुण त्या मानाने किरकोळ. शिवाय शून्य एचपी म्हणजे सरळ मरण, फाशाची दयामाया नाही. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळून चोरपावलांनी सोनं काढायचा. 2010 मध्ये व्हिन्सेंट बेकरच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळाने आणखी एक वाट काढली. तिथे साधे दोन फासे. दहा किंवा वर पडले तर काम फत्ते, सहा किंवा खाली पडले तर डाव उलटतो, आणि सात ते नऊ पडले तर काम होतं पण किंमत मोजून. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी पंधरा या मधल्या घरात पडतात. या मंडळींनी मधे एक संध्याकाळ त्याच धर्तीवर खेळून पाहिली. तेव्हा याच प्लस सातवाल्याने दार उघडण्यापायी पात्राच्या आजोबांची कट्यार गमावली आणि नंतर अर्धा तास त्या आजोबांबद्दल बोलला. हे नर्सने सांगितलं. तो लाजला.

डीएमचं आजोळ कुडाळकडे. जत्रेतला दशावतार रात्रभर बघून तो वाढलेला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कोण कोणाचं सोंग घेणार ते ठरतं, आणि संवाद रंगमंचावर आयत्या वेळी होतात. "तिथं शेवट सगळ्यांना पाठ असतो, बोलणं मोकळं. इथं बोलणंही मोकळं आणि शेवटही. मग कुणीतरी आवरायला नको? म्हणून फासा," असं त्याचं म्हणणं. मला ते अर्धंच पटलं. आवरायला फासा हवा, कबूल. पण प्लस सातनेही फासाच टाकला होता, आणि त्याचा मोबाइल सुटला नव्हता. सर्जेरावच्या फाशात गमावण्यासारखं काहीतरी होतं, आणि ते वाचवायला दुसऱ्याला स्वतःची पाळी खर्चावी लागत होती. हिशेबनीस माणूस, मी हे म्हटल्यावर त्याने पुढच्या वेळी लढाईतले शत्रू आठाचे तीन करायचं मान्य केलं.

कोल्हापुरात कुणाला हा खेळ मांडायचा असेल तर महागडी पुस्तकं आधी घेऊ नका. सध्याच्या नियमांचा गाभा 2023 पासून मुक्त परवान्याखाली इंटरनेटवर फुकट आहे. त्यातलं मरणाचं पान काढा, एक वीस बाजूंचा फासा आणा, किल्ला ओळखीचा निवडा, आणि लढाईची पानं जमतील तेवढी गाळा.