सागरकाठचे परदेशी घर

जबलपूरच्या कमानिया गेटपाशी सराफ्यात उभे राहिले, म्हणजे समुद्र फार दूर वाटतो. 1939 च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण सांगणाऱ्या या कमानीखालून जाणाऱ्या कित्येकांनी नर्मदा रोज पाहिलेली असते; परंतु ती जेथे सागराला मिळते, तो भडोचचा किनारा पाहिलेला नसतो. आणि तरीही परवा येथेच भेटलेल्या एका मराठी स्नेह्यांनी मला विचारले, "मुलाला पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात उतरण्याचे वेड आहे. निवृत्तीच्या पैशांतून मॉरिशसला, अगदी पाण्यालगत, बेताच्या किमतीचे घर घेतले तर कसे?" आयुष्यभराची शिल्लक ज्यात गुंतावयाची, तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे.

मॉरिशसचेच नाव त्यांना सुचावे, यात नवल नाही. 1834 पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे नेले जाऊ लागले. पुढे त्यांत मुंबई इलाख्यातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवितात आणि गणेशचतुर्थीला तेथे सार्वजनिक सुटी असते. शिवाय पश्चिम किनाऱ्यावरील फ्लिक-आं-फ्लाक हे गाव स्कूबा डायव्हिंगसाठी प्रसिद्ध आहे.

आता ध्यानात घ्यावयाचे ते हे की, बुडी मारणाऱ्याला जे हवे असते, तेच घरालाही हवे असते. ते म्हणजे जिवंत प्रवाळ. या बेटाला बहुतेक सर्व बाजूंनी प्रवाळाच्या भिंतीने वेढले आहे. लाट त्या भिंतीवर फुटते आणि आतले पाणी शांत राहते. जगभरातील प्रवाळभिंतींच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अशा भिंती लाटांची सरासरी 97 टक्के शक्ती शोषून घेतात, असे आढळले. म्हणजे प्रवाळ मेले की मासे जातात, आणि कालांतराने अंगणातली वाळूही जाते. समुद्र तापल्याने प्रवाळ पांढरे पडतात. 2020 साली आग्नेय किनाऱ्यावर वाकाशिओ हे जहाज प्रवाळावर चढले आणि सुमारे एक हजार टन तेल सांडले. तेव्हा घर पाहावयास जाणाऱ्याने भिंतींचा रंग पाहण्यापूर्वी पाण्याखालची ही भिंत पाहावी. चक्रीवादळांच्या महिन्यांत तेथे काय होते, तेही शेजाऱ्यांना विचारावे.

दुसरी गोष्ट जमिनीची. मॉरिशसमध्ये भरतीरेषेपासून आत निदान 81.21 मीटर रुंदीचा पट्टा फ्रेंच अमदानीपासून सरकारी मानला जातो. त्यावरील घरे बहुधा सरकारी पट्ट्यावर, म्हणजे भाड्याच्या मुदतीवर, उभी असतात. 'समुद्रावरचे घर' असे जाहिरातीत म्हटले, तरी विकावयाचे आहे ते स्वामित्व की मुदत, हे आधी विचारले पाहिजे. परकीयांच्या खरेदीवर 1975 च्या कायद्याचे निर्बंध आहेत. 2016 च्या दुरुस्तीने किमान तळमजला व वर दोन मजले असलेल्या इमारतींतील सदनिका परकीयांना खुल्या झाल्या. परंतु किंमत 60 लाख मॉरिशस रुपयांहून कमी नसावी, अशी अट घातली गेली. आपल्या चलनात ही रक्कम एक कोटीच्या वर जाते. मान्यताप्राप्त योजनेतील घराबरोबर वास्तव्याचा परवाना हवा असेल, तर 2020 साली ती मर्यादा 3,75,000 डॉलर ठरविण्यात आली. 'बेताची किंमत' हा शब्द येथेच गळून पडतो.

इतर देशांतही थोड्याफार फरकाने हाच प्रकार आहे. थायलंडमध्ये परकीयाला सामान्यतः जमीन मिळत नाही. इमारतीतील सदनिका मिळते, तीही एकूण क्षेत्राच्या 49 टक्क्यांच्या मर्यादेत. मेक्सिकोत किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आतील घर परकीयाला बँकेच्या विश्वस्तनिधीमार्फतच घेता येते.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेनुसार एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठविता येते. पतिपत्नींना आपापल्या मर्यादा एकत्र करता येतात. मात्र या कामासाठी येथील बँक कर्ज देऊ शकत नाही. पैसा स्वतःचाच असावा लागतो. घेतलेले घर प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवावे लागते. न दाखविल्यास 2015 च्या कायद्याखाली मोठ्या दंडाची तरतूद आहे.

हे सारे ऐकून स्नेही काहीसे खिन्न झाले. मी म्हटले, "अहो, या सराफ्यात आपण अंगठी घेतो, तीसुद्धा कसाला लावून. मग घर का नको? प्रवाळ जिवंत आहे काय, जमीन कोणाची आहे, पैसा कोणत्या वाटेने जाईल, आणि उद्या विकावयाचे झाल्यास ते घेणार कोण, हे चार कस लावून पाहा."

त्यांनी थोडा विचार केला. मग ठरले ते असे : मुलाने आधी मालवणजवळ तारकर्लीच्या समुद्रात उतरावे, पुढे सर्वांनी मॉरिशसला महिनाभर भाड्याच्या घरात राहावे, तेही पर्यटकांच्या हंगामात नव्हे, तर वादळांच्या. त्यानंतरही ओढ राहिली, तर खरेदीचा विचार करावा. मला वाटते, हा निर्णय शहाणपणाचा होता. कारण भाडे गेले तर महिन्याचेच जाते, चुकीच्या खरेदीत मात्र उतारवयाचा आधार जातो.