कपात नसलेला पगार

सिंगापूरच्या पगारपत्रकावर वाचण्यासारखं फारसं काही नसतं. पुण्यात मूळ वेतन, घरभाडे भत्ता, पीएफ, व्यवसाय कर, टीडीएस अशी रांग लागायची. इथे वरचा आकडा आणि खालचा आकडा जवळपास सारखाच. मधे एकच बारीकशी कपात, ‘सिंडा’ची. भारतीय वंशाचे नागरिक, कायम रहिवासी म्हणजे पीआर आणि एम्प्लॉयमेंट पास म्हणजे ईपीवर आलेले, अशा सगळ्यांच्या पगारातून ही वर्गणी जाते आणि इथल्या गरजू भारतीय कुटुंबांतल्या मुलांच्या शिक्षणासारख्या कामांना लागते. पाच-सात हजार डॉलर पगाराला महिना ९ डॉलर. नवा माणूस हे पत्रक पाहून हरखतो आणि डॉलरला रुपयांनी गुणून घरी सांगतो. पण इथे न झालेली प्रत्येक कपात म्हणजे या व्यवस्थेने आपल्यासाठी न उचललेली एकेक जबाबदारी असते. ते उमगायला थोडा काळ नोकरी करावी लागते.

शेजारच्या टेबलावरच्या सिंगापुरी सहकाऱ्याचं पत्रक बघा. ठरावीक पगारमर्यादेपर्यंत त्याचे २० टक्के सीपीएफमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या भविष्य निर्वाह निधीत जातात आणि कंपनी वर १७ टक्के भरते. पंचावन्न वर्षांपर्यंत हाच दर. त्यातूनच तो एचडीबीच्या सरकारी घराचे हप्ते फेडतो, दवाखान्याची बिलं भागवतो, म्हातारपणाची तजवीज करतो. ईपीवाल्याला सीपीएफ नाही. त्याच्या हातात दरमहा जास्त पैसे पडतात आणि नावावर काहीच साठत नाही.

प्राप्तिकराचंही तसंच. तो दरमहा कापत नाहीत. एप्रिलमध्ये विवरणपत्र भरायचं, मग आकारणीची नोटीस येते. वर्षाला १,२०,००० डॉलर करपात्र उत्पन्न असेल तर कर ७,९५० डॉलर. भारताच्या मानाने हलका, पण तो तुम्ही बाजूला काढून ठेवलेला असला पाहिजे. बारा बिनव्याजी हप्त्यांची सोय आहे आणि बहुतेक जण ती घेतात.

काम ओळखीचंच असतं, वेळापत्रक मात्र निराळं. सकाळी सिडनीचे निरोप आधीच येऊन पडलेले असतात. साडेअकराला पुण्याची टीम जागेवर येते, कारण तिथे तेव्हा नऊ वाजतात. चार-पाच वाजता लंडन उघडतं, आणि न्यूयॉर्कशी संबंध आला तर रात्रीचं जेवणही मिटिंगच्या वेळेवर ठरतं. बारा वाजता मात्र कुणी अडवत नाही; सगळं ऑफिस हॉकर सेंटरकडे निघतं. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली गेली, ती कुणी घेत नाही. भात आणि दोन-तीन भाज्यांचं ताट पाच-सहा डॉलरात होतं. जेवून झाल्यावर ताट आपणच नेऊन ठेवायचं, नाहीतर दंड.

म्हणजे हे शहर सरसकट महाग नाही. हॉकरचं जेवण आणि एमआरटी म्हणजे इथली मेट्रो स्वस्त. घर, मोटार, दारू आणि परदेशी मुलांची शाळा महाग. गाडी घेण्याआधी दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. २०२३ मध्ये मोठ्या गाड्यांच्या गटात नुसता हा परवानाच दीड लाख डॉलरवर गेला होता. त्यामुळे ईपीवाले बहुतेक जण गाडीचा विचारच करत नाहीत.

घराचा विचार मात्र टळत नाही. एजंट आधी विचारतो, पास कोणता, किती वर्षांचा, स्वयंपाक किती करणार? खोलीच्या जाहिरातीतल्या ‘लाइट कुकिंग’मध्ये नूडल्स बसतात, फोडणी नाही. एचडीबीचा अख्खा फ्लॅट भाड्याने घ्यायचा तर परदेशी भाडेकरूंची मर्यादा आड येते: मलेशियन सोडून इतरांसाठी एका इमारतीत ११ टक्के. ती भरली असेल तर मालक राजी असूनही उपयोग नाही. करार दोन वर्षांचा असेल तर बहुधा दोन महिन्यांचं डिपॉझिट. स्टँप ड्युटी भाडेकरूची, दर तीन महिन्यांनी एसीची सर्व्हिसिंगही त्याचीच. करारातलं सगळ्यात महत्त्वाचं कलम म्हणजे ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’. नोकरी गेली किंवा देश सोडावा लागला, तर साधारणपणे वर्षभरानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन करार मोडता येतो.

हे कलम लागतं, कारण सगळा संसार पासवर उभा असतो आणि पास नोकरीवर. जानेवारी २०२५ पासून नव्या ईपीसाठी किमान पगार ५,६०० डॉलर आहे, वित्तक्षेत्रात ६,२००. वयाबरोबर ही पट्टी वर सरकते. शिवाय २०२३ पासून ‘कंपास’ची गुणपद्धत आली. पास व्हायला ४० गुण लागतात. पगाराला गुण, पदवीला गुण आणि कंपनीत तुमच्या देशाचे लोक कमी असले तर त्यालाही गुण. जिथे व्यावसायिकांपैकी चतुर्थांश किंवा जास्त भारतीय आहेत, तिथे आपल्याला या रकान्यात शून्य. नोकरी सुटली की पास रद्द होतो आणि आवराआवरीला साधारण ३० दिवस मिळतात. त्याआधी कंपनी कराचा हिशेब सरकारला कळवते आणि तो मिटेपर्यंत शेवटचा पगार अडवून ठेवते. म्हणजे ज्या महिन्यात सामान बांधायचं आणि तिकिटं काढायची, नेमका त्याच महिन्यात पगार हाती येत नाही.

जोडीदाराचं गणित आणखी कठीण. २०२१ पासून डिपेंडंट पासवरच्या नवऱ्याला किंवा बायकोला नोकरी करायची तर बहुतेकांना स्वतःचा वर्क पास काढावा लागतो. आपल्याकडच्या गणपतीच्या किंवा दिवाळीच्या बैठकीत यावर आणि पीआरवर चर्चा झाल्याशिवाय राहत नाही. पीआर घ्यावी तर सीपीएफ सुरू होतं, पण मुलालाही पीआर घेतली तर त्याला पुढे दोन वर्षांची सक्तीची राष्ट्रीय सेवा करावी लागते.

तरीही मी हे शहर निवडलं आणि पुन्हा निवडेन. इथे कामाला किंमत आहे आणि नियम आधी छापून मिळतात. फक्त ऑफर हाती आली की गुणाकार नंतर करा. आधी त्यातून भाडं, वर्षाचा कर, विमा, सीपीएफच्या जागी स्वतः करायची बचत आणि तीन महिन्यांचा खर्च वजा करा. जोडीदाराला काम करता येईल का, हे सही करण्यापूर्वी विचारा. एवढं करून जो आकडा उरेल, तोच तुमचा पगार.