सातू, पाणी, हॉप आणि किण्व

बीअरसंबंधीं एका निवृत्त शिक्षकानें बोलावें, याचें कित्येकांना नवल वाटेल. मी स्वतः हें पेय घेत नाहीं व इतरांनीं घ्यावें असें सुचविण्याचाहि माझा हेतु नाहीं. परंतु रसायन, वनस्पति व सूक्ष्म जीव या तिन्ही शास्त्रांची गांठ एकाच पिंपांत पडलेली पाहावयाची असेल, तर याहून सोयीचें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

बोहेमियांत पिल्झेन नांवाचें शहर आहे. तो प्रदेश आज चेक प्रजासत्ताकांत मोडतो. १८३८ सालीं तेथील बीअर इतकी बिघडली कीं, तिचीं छत्तीस पिंपें नगरभवनासमोर ओतून देण्यांत आलीं. बीअर करण्याचा हक्क असलेल्या नागरिकांच्या मिळकतीचाच हा प्रश्न होता. त्यांनीं एकत्र येऊन नवा कारखाना बांधला व बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नांवाचा कसबी मनुष्य आणविला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजीं त्यानें पहिला घाणा शिजविला. त्यांतून जी बीअर निघाली ती सोन्यासारखी पिवळी व नितळ होती. तोंवर तेथें काळपट, गढूळ बीअरच लोकांच्या परिचयाची होती. जिन्नस तेच चार, परंतु निवड व संस्कार निराळे.

प्रथम सातू घेऊं. कोणी यास जव म्हणतात. दाण्यांत पिष्ट भरपूर असतें. पण किण्वाला पिष्ट चालत नाहीं, साखर लागते. म्हणून सातू सुमारें दोन दिवस भिजवून त्याला मोड आणतात. आतां रोप व्हावयाचें अशा समजुतीनें दाणा आपला सांठा फोडणारीं पाचक द्रव्यें तयार करूं लागतो. पायेन व पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनीं १८३३ मध्यें अशा एका द्रव्याचा शोध लावून त्यास डायास्टेस हें नांव दिलें. चार-पांच दिवसांनीं, सांठा खर्चीं पडण्यापूर्वींच, गरम हवेनें दाणे वाळवून ही वाढ थांबवितात. हेंच माल्ट. आपल्या घरांतून नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून तान्ह्या मुलांसाठीं जें पीठ करतात, तें तत्त्वतः याहून वेगळें नव्हे. त्या पिठाची पेज पातळ व गोडसर होते ती याच कारणानें. पुढें माल्ट भरडून सुमारें ६५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या पाण्यांत तासभर ठेवलें कीं, पिष्टाची साखर होते. पाणी उकळतें घेतलें तर पाचक द्रव्येंच निकामी होतात आणि सारा घाणा फुकट जातो.

वाळविण्यांतहि मर्म आहे. लांकडाच्या धुरावर वाळविलेल्या माल्टला धुराचा वास लागतो. जर्मनींतील बांबेर्ग येथें हा वास आजहि आवडीनें राखतात. पिल्झेनला मात्र इंग्रजी धर्तीच्या भट्टींत, धूर न लागूं देतां, मंद आंचेवर माल्ट वाळविलें. सोनेरी रंग आला तो यामुळें.

बीअरमध्यें शेंकडा नव्वदांहून अधिक भाग पाण्याचा. पिल्झेनचें पाणी अतिशय हलकें. त्यांत क्षार फारच थोडे. याच्या उलट इंग्लंडांतील बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील विहिरींचें पाणी जिप्समनें जड झालेलें. त्यानें कडूपणा खुलतो. एकोणिसाव्या शतकांत मुंबई-कलकत्त्याच्या गोऱ्या लोकांसाठीं जहाजांनीं जी फिकट, कडू बीअर येई, तिच्या व्यापारांत पुढें बर्टनचा वरचष्मा झाला. आजच्या लहान कारखान्यांच्या पाट्यांवर ‘इंडिया पेल एल’ हें नांव दिसतें, त्याचा उगम त्या व्यापारांत आहे.

हॉप ही भांगेच्या कुळांतील वेल. तिच्या मादी फुलोऱ्यांत पिवळी, चिकट भुकटी असते. गोड रस तास-दीड तास उकळतांना तींतील आम्लें पालटून कडू होतात. हा कडूपणा केवळ चवीसाठीं नव्हे. त्यानें पुष्कळ जंतूंची वाढ खुंटते. सुवास मात्र उकळींत उडून जातो, म्हणून कांहीं हॉप अखेरीस घालतात. आमटी उतरवितांना आपण वर कोथिंबीर घालतों, त्यांतलाच हा प्रकार. ग्रोलला झातेत्स येथील नामांकित हॉप जवळच मिळाले.

राहिलें किण्व, म्हणजे यीस्ट. साखर खाऊन मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड हा वायु निर्माण करणारा हाच. बव्हेरियाच्या १५१६ सालच्या प्रसिद्ध कायद्यानें सातू, हॉप व पाणी यांखेरीज बीअरमध्यें कांहीं घालूं नये असें ठरविलें. त्यांत किण्वाचा उल्लेखच नाहीं. तो एक जीव आहे, हें त्या काळीं कोणास ठाऊक असणार! परक्या जंतूंमुळें बीअर नासते हें ल्युई पाश्चरनें १८७६ च्या ग्रंथांत दाखविलें. पुढें १८८३ मध्यें कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एमिल ख्रिश्चन हान्सेन यानें किण्वाची एकच पेशी निराळी काढून तिच्यापासून शुद्ध वाण वाढविला. कार्ल्सबर्गनें तो इतर कारखान्यांनाहि मोफत दिला. व्यापारांत असा उदारपणा विरळाच, आणि मला तर त्या शोधाइतकाच तो मोलाचा वाटतो.

किण्वाच्या मुख्य जाती दोन. एक उबेंत काम करून वर फेंस धरते, दुसरी थंडींत सावकाश काम करून तळाशीं बसते. ग्रोलनें वापरली ती दुसरी. ही जात संकरज आहे. तिच्या जनकांपैकीं थंडी सोसणारी रानटी जात २०११ मध्यें दक्षिण अमेरिकेंतील पाटागोनियाच्या बीच वृक्षांवर सांपडली. नंतर ती तिबेटांत आढळली आणि त्याहि नंतर आयर्लंडच्या मातींत.