अंगठ्याची साक्ष

पानिपतच्या रणांगणावरून सदाशिवरावभाऊ परतले नाहीत. तथापि त्यांच्या मृत्यूची निःसंदिग्ध खात्रीही पुण्याला पटली नाही. पार्वतीबाई पतीची वाट पाहत राहिल्या आणि या संदिग्धतेचाच लाभ घेऊन 'मीच भाऊ' म्हणणारा एक तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये त्याने कोकणात बंडाचे निशाण उभारले. किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती आले. अखेर तो पकडला गेला, भाऊंना ओळखणाऱ्या जाणत्या माणसांकरवी त्याची परीक्षा झाली आणि त्याला देहान्त शासन मिळाले. एक माणूस 'मी अमुक आहे' म्हणतो, ते खरे की खोटे हे ठरविता न आल्यास राज्य कसे डळमळते, याचा याहून बोलका दाखला मराठी इतिहासात क्वचितच सापडेल.

त्या काळी ओळख पटविण्याचे साधन माणूस हेच होते. गावात पाटील ओळखत असे, पेठेत सावकार ओळखत असे. पुढे समाज विस्तारला, माणसे परमुलखात जाऊ लागली आणि परिचयाची जागा कागदाने घेतली. सही, शिक्का, दाखला, मुद्रांक. परंतु कागद बोलत नाही. तो केवळ दाखविता येतो, आणि जे दाखविता येते ते बनविताही येते. २००१ मध्ये अटक झालेल्या अब्दुल करीम तेलगीने बनावट मुद्रांकांचा जो बाजार मांडला होता, त्याने महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या प्रशासनाची अब्रू वेशीवर टांगली. २००७ मध्ये त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली. पण सामान्य माणसाच्या मनात रुतून बसला तो एकच प्रश्न : सरकारी छापाच खोटा निघाला, तर विश्वास ठेवावा तरी कशावर?

या प्रश्नाला आज जे उत्तर दिले जाते ते असे की, विश्वास शरीरावर ठेवावा. बोटांचे ठसे, डोळ्यांतील बुबुळे, चेहऱ्याची ठेवण या गोष्टी उसन्या देता येत नाहीत, हरवत नाहीत, घरी विसरत नाहीत. ही कल्पना पाश्चात्त्य प्रयोगशाळेतून अलीकडे आली असावी असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः तिची जडणघडण आपल्याच भूमीवर झाली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने रस्त्याच्या सामानाच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे १८७७ मध्ये हुगळीला त्याने दस्तनोंदणीसाठी व निवृत्तिवेतनासाठी बोटांचे ठसे घेण्यास प्रारंभ केला. कारण वेतनधारक निवर्तल्यावरही त्याच्या नावाने दुसराच कोणी रक्कम उचलून नेई. १८९७ मध्ये कलकत्त्यास अंगुलिमुद्रा कार्यालय स्थापन झाले. अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी ठशांच्या वर्गीकरणाची गणिती बैठक घातली. पद्धतीला नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे लाभले.

काळाचा महिमा असा की, जो अंगठा आपण निरक्षरतेची खूण मानला, तोच आज परमप्रमाण ठरला आहे. 'अंगठेबहाद्दर' ही आपल्या भाषेतील हेटाळणी. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात माणसाला सही करता आली की तो अंगठ्याच्या लाजेतून सुटला, असे आपण समजत होतो. आता प्राध्यापकही हजेरीयंत्रावर निमूटपणे बोट टेकवतो आणि निवृत्त कारकून दर नोव्हेंबरात आपण हयात असल्याचा पुरावा बोटाने वा चेहऱ्याने देतो. हुगळीच्या वेतनधारकाचा प्रश्न दीडशे वर्षांनंतरही तोच आहे. २०१४ पासूनच्या 'जीवन प्रमाण' योजनेने त्याला नवे यंत्र दिले, एवढेच.

या यंत्राचे लाभ नाकारणे हा आंधळेपणा होईल. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधारचे पहिले क्रमांक दिले गेले. आज दहा बोटांचे ठसे, दोन बुबुळे आणि चेहरा यांच्या नोंदी शंभर कोटींहून अधिक भारतीयांच्या झालेल्या आहेत. एकाच माणसाने दोन नावांनी लाभ घेणे त्यामुळे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही. शिक्षकांना ऑक्टोबर २०११ मधील पटपडताळणी आठवत असेल. हजेरीपटावर मुले होती आणि वर्गात नव्हती. त्यांच्या नावावर अनुदान मात्र निघत होते. स्पर्धा परीक्षेला आपल्या जागी दुसऱ्यास बसविणारा उमेदवार तर रात्रंदिवस अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याची जागाच चोरत असतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाला उमेदवारांच्या ओळखीची आधारद्वारे ऐच्छिक पडताळणी करण्यास २०२४ मध्ये अनुमती मिळाली, ती याच चिंतेतून.

प्रश्न आहे तो यंत्राच्या साक्षीला कोणती किंमत द्यावी याचा. यंत्र 'हाच तो माणूस' असे कधीच म्हणत नाही. ते नव्या ठशाची जुन्या नोंदीशी तुलना करून साम्याचा एक अंक काढते, आणि तो अंक ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की दार उघडते. ही मर्यादा माणसाने ठरविलेली असते. ती सैल ठेवली तर तोतया आत येतो. कडक केली तर खरा माणूस बाहेर राहतो. ठसा सुबक असो वा यंत्र उत्तम असो, दोन्ही चुका कमी करता येतात. दोन्ही शून्यावर आणता येत नाहीत. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आधार प्राधिकरणानेच सांगितलेला आकडा असा होता की, सरकारी सेवांसाठीच्या पडताळणीत यशाचे प्रमाण सुमारे ८८ टक्के आहे. ८८ गुण हे परीक्षेत प्रावीण्य ठरते. रेशन दुकानाच्या रांगेत मात्र उरलेले १२ कोण, हे विचारावे लागते.

ते बहुधा असे असतात की ज्यांची बोटे कष्टाने झिजली आहेत. विटा वाहणारा, भांडी घासणारी, ऊसतोडणी करणारी, वार्धक्याने त्वचा सुरकुतलेली आजी. ज्याने आयुष्यभर हातांनी काम केले, त्याच्याच हातांवरील रेषा यंत्राला वाचता येऊ नयेत, हा दैवदुर्विलास आहे. लबाडाला रोखण्यासाठी उभारलेल्या फाटकावर प्रामाणिकाची अडवणूक झाली, तर 'चोर सोडून संन्याशाला सुळी' याहून निराळे काय घडले?

बरे, लबाड तरी अडतो काय? २०१८ मध्ये तेलंगणात पोलिसांनी एका सिमकार्ड वितरकास पकडले. नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांवर लोकांचे अंगठे होतेच. त्यांवरून रबरी ठसे बनवून त्याने हजारो सिमकार्डे चालू केल्याचा आरोप होता. त्यानंतर आधारवर आधारलेल्या बँक व्यवहारांतही अशाच नकली ठशांनी पैसे काढल्याच्या तक्रारी अनेक राज्यांतून आल्या. बोट जिवंत आहे की रबराचे, हे ओळखणारी नवी तपासणी प्राधिकरणाने २०२३ मध्ये आणली हे योग्यच झाले. परंतु मूळ अडचण त्याने सुटत नाही. किल्ली हरवली तर कुलूप बदलता येते. बोट बदलता येत नाही. अमेरिकेच्या कर्मचारीविषयक सरकारी कार्यालयातून २०१५ मध्ये ५६ लाख लोकांच्या बोटांच्या ठशांची चोरी झाल्याचे उघड झाले. त्या ५६ लाखांना नवी बोटे कोण देणार?

चेहऱ्याची कथा याहून निराळी. बोट टेकवायला माणसाची संमती लागते. चेहरा रस्त्यावरच्या कॅमेऱ्याला आपोआप मिळतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले की, चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या प्रणालींची चूक गौरवर्णी पुरुषांच्या बाबतीत एक टक्क्याहूनही कमी, तर सावळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीत ३४ टक्क्यांहून अधिक होती. २०२० मध्ये डेट्रॉइटच्या पोलिसांनी यंत्राच्या चुकीच्या निर्देशावरून एका निरपराध कृष्णवर्णीय गृहस्थास त्याच्या घरासमोर, कुटुंबादेखत अटक केली. यंत्राला पक्षपात कळत नाही हे खरे; पण ज्यांची चित्रे दाखवून त्याला शिकविले, त्यांच्यापुरतेच ते नीट पाहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ठसा जुळला याचा अर्थ, नोंद करतेवेळी आलेला माणूस आणि आज आलेला माणूस एकच आहे, एवढाच. नोंदीवेळी दिलेला जन्मदाखला खरा होता की नाही, जातीचे वा अपंगत्वाचे प्रमाणपत्र बनावट तर नव्हते, याविषयी बोट मुके असते. खोट्या कागदावर खरा अंगठा उमटला, तर खोटेपणा अधिकच पक्का होतो. म्हणून दाखला देणाऱ्या तहसीलीतील, शाळेतील वा रुग्णालयातील माणसाच्या सचोटीला पर्याय नाही.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. पुढील वर्षी त्याच न्यायालयाने आधार कायदा बहुमताने वैध ठरविताना शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारता येणार नाही, असे बजावले. या निवाड्यांचा आशय कार्यालयाच्या खिडकीपर्यंत पोहोचविणे हे आपले काम आहे. यंत्राने नकार दिला की दुसरा मार्ग त्याच वेळी, त्याच खिडकीवर उपलब्ध असला पाहिजे. चुकीच्या पडताळणीने पैसा गेला तर तो परत मिळविण्याचा भार खातेदारावर न पडता, पडताळणी करणाऱ्या संस्थेवर पडला पाहिजे. दस्तांवरील ठसे चव्हाट्यावर ठेवणे तर सर्वत्र आणि तात्काळ थांबले पाहिजे. तोतयाचा बंदोबस्त करणे हे राज्याचे कर्तव्यच आहे. पण ते पार पाडताना प्रत्येक नागरिकाला तोतया समजण्याचा अधिकार राज्याला मिळत नाही. यंत्राची साक्ष जरूर घ्यावी, उलटतपासणीही व्हावी. निवाडा मात्र खिडकीमागे बसलेल्या, उत्तर द्यायला बांधील असलेल्या माणसानेच द्यावा.