प्रोस्टेटचे ऑपरेशन : होकार देण्यापूर्वी विचारा

साठी उलटली की रात्री चार-चारदा उठावे लागते, लघवीची धार बारीक होते. ‘वयच झालं, चालायचंच’ म्हणून गडीमाणूस लाजेने गप्प बसतो. मग एकदम ऑपरेशनची गोष्ट निघते अन् घर घाबरते. कागदावर सही करण्यापूर्वी डॉक्टरांना चार प्रश्न जरूर विचारावेत.

गोळ्यांवर भागेल का? पुष्कळांचे भागते, मात्र काही गोळ्यांचा गुण यायला सहा महिने लागतात. लघवी वारंवार तुंबत असेल, मूत्राशयात खडा असेल किंवा किडनीवर ताण आला असेल, तर ऑपरेशन लांबवू नये.

कॅन्सर नाही ना, याची तपासणी झाली का?

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटावर चिरा नसतो. पण नळी किती दिवस राहील? नंतर वीर्य बहुधा बाहेर न पडता मूत्राशयात जाते, तेही समजून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधीच सांगा; स्वतःच्या मनाने बंद करू नका.

खर्च किती? फुले जन आरोग्य योजनेत बसते का, हे योजनेतील रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पुढे महिनाभर तरी पोती उचलणे बंद. म्हणून घाई नसेल तर पेरणी-सुगी टाळून तारीख घ्या. पण लघवी पूर्ण अडली, तर पेरणी राहू द्या. तडक दवाखाना गाठा.